तेरावा शब्द

हिराजी मढवींनी लॅपटॉप आणला तो
तांदळाच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून,
आजारी कोंबडं आणावं तसा.

घणसोली, सेक्टर सात. बाहेर पाटी:
सर्व प्रकारची दुरुस्ती.
पाटी लावली तेव्हा
सर्व म्हणजे किती, ते मी मोजलं नव्हतं.

पाकीट उघडायचं, चक्र फिरायचं, फिरतच राहायचं,
मग लिहून यायचं: सर्व्हर सापडत नाही.
सापडणार कुठून?
कंपनी बंद होऊन दोन वर्षं झालेली.
मदतीसाठी पाठवलेला ईमेल परत येत होता
खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या टपालासारखा.

"पोरानं घातलेलं. प्लॉट इकला त्यातलं दोन लाख.
बुडालं ना?"

बुडाले नाहीत, काका. पैसे पाकिटात नसतातच.
एक वही आहे, हजार ठिकाणी एकसारखी लिहिलेली,
पैसे त्या वहीत.
हे पाकीट म्हणजे वही वाचायचा चष्मा. चष्मा फुटलाय.
आणि त्यांना पटावं म्हणून:
सातबारा फाटला म्हणून जमीन जात नाही.

ते पहिल्यांदाच हसले.
"आमची जेली. सातबारा धड व्हता."

यावर मी काय बोलणार.
माझ्या दुकानाच्या फरशीखाली कुणाचं भात होतं
हे मी भाडेकरारात वाचलेलं नाही.

निकेशनं शब्द दिले होते का, बारा शब्द, ओळीनं?
निकेश फोन उचलत नाही.
कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मी स्क्रू काढायला घेतले.

तिसऱ्या दिवशी कागद आला.
एका बाजूला लेकीच्या हळदीचा हिशेब:
मंडप, खुर्च्या दोनशे, चिकन साठ किलो.
मागे नाथीबाईंचं अक्षर, चौथी पास.
पोरगा फोनवर सांगत गेला, ती ऐकेल तसं लिहीत गेली,
सॉल्ट, पिजन, अंकल, ओवन,
इंग्रजी शब्द, आगरी लुगड्यातले.

मोजले. तेरा भरले.
पुन्हा मोजले. तेराच.
मग दिसला, कडेला, तिरका: बँजो.
ठरलेल्या दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांत बँजो नाही.
तो हळदीचा. यादीतून वाट चुकून इकडे आलेला.

नेटची वायर काढली. शटर अर्धं खाली.
हे शब्द कुणालाही दाखवायचे नसतात, काका.
"मंग तू?"
मलाही नाही.
त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं,
आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

आठवा शब्द घडीवर. क्र आणि क,
मधली मात्रा पिवळ्या डागात गेलेली.
क्रीक, मी लगेच म्हणाले. खाडी!
दोघंही तिकडे बघायला लागलो, जिथून ती दिसत नाही.
किती बरोबर वाटत होतं.
नाकारलं.
क्रॅक. तडा.
घेतलं.

आणि शिल्लक: शून्य.

शब्द खरे, दार उघडलं, घरात कुणी नाही.
पंख्याचा आवाज मोठा झाला.
तासाभरानं डोक्यात आलं,
जुनं पाकीट हिशेब दुसऱ्या गल्लीत ठेवत असणार:
सेक्टर तोच, रो-हाऊसचा नंबर वेगळा.
एक रस्ता लावला, नाही. दुसरा, नाही.
तिसऱ्यावर आकडे उगवले,
दशांश चिन्हामागे लांबच लांब.

मी रुपयांत सांगितलं. त्यांनी मान हलवली,
भाव पटला नसला तरी मासळी घेताना हलवतात तशी.
"साठ किलो लिवलंय. सत्तर लागलं व्हतं."

नवा कागद दिला, पेन दिलं. उतरवून ठेवा, दोन प्रती,
वेगवेगळ्या कपाटांत.
ते बायकोचं अक्षर बघून बघून काढत गेले,
सॉल्टच्या चंद्राला फार वेळ लागला.
क्रॅकची मात्रा मी सांगितली.

बारा झाले तरी पेन थांबेना.
काका, बँजो नको, तो त्यातला नाही.

"तिनं लिवलाय," ते म्हणाले,
आणि कडेला, तिरका, तसाच लिहिला.