व्यवसाय : सुतार

दस्तगीर शिकलगारच्या व्हिसावर लिहिलं होतं : सुतार.
अगदीच खोटं नव्हतं ते.
मिरजेत बापाच्या हाताखाली त्यानं
तुणीच्या लाकडावर रंधा मारलेला,
भोपळ्याच्या पोटातल्या बिया खरवडलेल्या.
बहारीनच्या विमानतळावर विचारलं, पेटीत काय?
म्हणाला, औजार.

गुदैबियातलं हॉटेल, तिसरा मजला.
पंचेचाळीस मिनिटं वाजवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं,
रात्री दोनपर्यंत. एकोणीस वर्षं.
मी कॅशवर, चिपळूणचा.
बिलं फाडता फाडता मला ब्लूज कळले,
म्हणजे काय, तर
कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या गल्लीत
या माणसाचं बिऱ्हाड होतं.
तार ओढत तिथवर जायचा
आणि तिथंच रेंगाळायचा,
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखा.

गुरुवारी पुलावरून गाड्या यायच्या.
काहीतरी नाचायजोगं वाजवा!
मग फंक.
डाव्या हातानं तारा नुसत्या झाकायच्या,
उजव्यानं घासायच्या. कच्च, खर्र, कच्च.
रॉमेलचा ड्रम मधे जागा सोडायचा
आणि दस्तू नेमका तिथं वाजवायचा नाही.
न वाजवण्याचेच पैसे असतात, म्हणायचा.
पैसे मीच द्यायचो.
एकशेऐंशी दिनार, जेवण हॉटेलचं.

रमजानात बँड बंद, पगारही बंद.
तेव्हा मुहर्रकला बू राशिदच्या दुकानात
तो तडकलेले ऊद जोडायचा.
म्हाताऱ्याचा बाप मोत्यांसाठी बुड्या मारणारा.
इफ्तार झाल्यावर म्हातारा बापाचं काहीतरी गुणगुणायचा,
दम कोंडून, मग एकदम सोडून.
दस्तूचा रंधा थांबायचा.
हाही आमच्याच गल्लीतला, मला म्हणाला.

त्याच महिन्यात कधीतरी
त्यानं गिटारची घोडी उतरवली,
कानस घेतली,
आणि सतारीची काढतात तशी जवारी काढली.
ईदच्या रात्री पहिल्याच सुराला
स्पीकरमधून मधमाश्या उठल्या.
मॅनेजर धावत आला, गिटार बिघडली का?
नाही, आत्ता दुरुस्त झाली.

पुढं डीजे आला, लॅपटॉप घेऊन,
केरळचा पोरगा, गुणी.
गाणारी सेलाम दोह्याला गेली, रॉमेल जहाजावर.
दस्तूचा व्हिसा रद्द झाला, त्या कागदावरही सुतारच.
एकोणीस वर्षांचा हिशेब मी मांडला,
माझी बेरीज दोनदा चुकली.
त्यानं नोटा मोजल्या नाहीत, चहा तेवढा घेतला.

परवा फोन आला.
दुकानात भोपळे वाळत टांगलेत,
पोरं गिटारी आणतात दुरुस्तीला,
जवारी काढून देऊ का विचारलं की पळतात.
मागं काहीतरी घुमत होतं, एकसारखं.
म्हटलं, काय वाजतंय?
पंखा, म्हणाला. बेअरिंग गेलंय.
गंधार लागलाय म्हणून राहू दिलाय.