टोकी

मल्लूचा फोन आला तेव्हा मी धारेला बसले होते,
मोबाईल खांद्यात दाबलेला, हातात कास.
म्हणाला, अक्का, युनिटात नवं हेलिकॉप्टर आलंय.
कागदावर त्याला नंबर आहे, कंपनीचं नाव आहे,
पण आम्ही हाक मारायची कशी?
शनिवारपर्यंत एकेकानं चिठ्ठी टाकायचीय.
तू सुचीव.

कोल्हापुरात नावं सुचवायला माणसं बोलवावी लागत नाहीत.
गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशीखालचा फेसाळ पेला उभ्यानं रिकामा करणारे
सकाळी सहालाच कामाला लागले.
वस्ताद म्हणाले, घिस्सा ठेवा. समोरचा आडवाच.
सादिक वेल्डर म्हणाला, ठेचा.
इंगवले सरांनी संस्कृतातली चार सांगितली,
चारही कुठल्या ना कुठल्या तोफेला आधीच दिलेली निघाली.
कुणीतरी मागनं, ‘नाद खुळा’ ठेवा की!
वस्ताद म्हणाले, लेका, वायरलेसवर एवढं बोलंपर्यंत
लढाई संपंल.

हसले सगळे. मीही हसले.
पण आमच्यात नाव कुणी ठेवत नाही, नाव पडतं.
गल्लीत एक आहे, त्याला अख्खी पेठ ‘उद्या’ म्हणते,
दुधाचे पैसे उद्या देतो म्हणून.
बारशाचं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल का.
आणि हे कोरं यंत्र,
अजून कुणाची उधारी बुडवली नाही,
कुणाला पाठीवर घेतलं नाही.
त्याला कसलं नाव पडणार?

फोटो पाठवायची परवानगी नव्हती.
मल्लूनं तोंडानंच सांगितलं:
रंग चिखलाचा, नाक फेंदारलेलं,
आणि नुसतं उभं असलं ना अक्का,
की पाती जड होऊन खाली झुकतात,
पाठीवर टाकल्यासारखी…
एवढं बोलून तो थांबला.
मीही थांबले.

शिंगं पाठीवर टाकून चालणारी आमच्याकडं एकच होती.
पाडव्याला मल्लू बुलेटचा सायलेन्सर काढून पुढं सुटायचा
आणि मोरपिसं लावलेली, पायात चाळ बांधलेली टोकी
त्या फटफटीमागं जीव खाऊन पळायची.
बाकीच्या बिथरायच्या.
हिला तो आवाज म्हणजे मल्लू, मल्लू म्हणजे पेंड.

गोठा तेव्हा आंबेवाडीला होता.
पंचगंगा आत आली त्या दिवशी मल्लू ड्यूटीवर, लांब.
टोकीची शेपूट धरून पहिल्या खेपेला अप्पा निघाले,
दुसऱ्या खेपेला मी, आणि पाठीशी बांधलेली हौसाक्काची नात.
तेवढ्यात वरनं हेलिकॉप्टर आलं.
पत्रे उडाले, म्हशी वाट फुटंल तिकडं.
टोकी तेवढी रस्त्यावर मान वर करून उभी.
मग ते नदीकडं वळलं
आणि ती आवाजामागं निघाली,
पाण्यात,
मी हाका मारत असताना.

चिठ्ठीसाठी ते नाव मी सांगितलं नाही.
परत न आलेलीचं नाव
ज्यानं रोज परत यायलाच पाहिजे त्याला कसं द्यायचं?
ठेचा म्हण, म्हटलं. सादिकनं सुचवलंय.

साहेबांनी शेवटी काहीतरी भारदस्त काढलं,
पाटीवर शोभेल असं. मी विसरलेसुद्धा.
पण गेल्या पंधरवड्यात मल्लू बोलता बोलता म्हणाला,
आज ढग होते गं,
टोकी दिवसभर रवंथ करत बसली.

मी काही बोलले नाही.
आता रोज सांजच्या धारेला विचारते, आली का गोठ्यात?
आली, म्हणतो. वैरणपाणी केलं.

काल त्याचा फोन उशिरा आला.
तोवर दूध दोनदा उतू गेलं,
अप्पा आतनं ओरडत होते,
आणि मी दारात,
वर कसलाच आवाज नसताना
मान वर करून.