बिशपची खुर्ची

लग्न होऊन वाल्ड्रेसच्या या शेतावर आले
तेव्हा सासूनं, बोर्गहिल्डनं, सगळं दाखवलं:
गोठा, माळा, तळघरातले बटाटे,
आणि शेवटी किल्ली फिरवून
ही खोली.
आत गेलो नाही. दारातूनच पाहिली,
परक्याच्या घरचं आजारी माणूस पाहावं तशी.

नऊ खुर्च्या, भिंतीला पाठ लावून,
गुडघे जुळवून बसल्यासारख्या.
शेगडी पेटायची नाताळला,
नाहीतर घरातलं कुणी गेलं तर.
तेव्हाही बेताचीच;
गेलेल्याला गारवाच बरा.

'ती बिशपची,' सासू म्हणाली.
चौपन्न साली बिशप तिच्यावर
अकरा मिनिटं बसले होते.
त्यानंतर तिला कुणी टेकलं नाही.

बोर्गहिल्ड गेली. तिची पेटी
नऊ खुर्च्यांमध्ये बरोबर मावली.
कॉफी झाली. किल्ली माझ्याकडे आली.

मी हौसेनं लागले कामाला.
खुर्च्या पुढे ओढल्या, त्यांची तोंडं एकमेकींकडे केली.
भिंतीवर नऊ पाठींचे फिकट चट्टे उरले.
जाळीचे पडदे उतरवले, पिवळी उशी विणली,
फागेरनेसहून दिवा आणला, बुटका,
मान खाली घालणारा.
स्टाइनार दारापर्यंत आला, लोकरी मोज्यांत,
हातात कप. 'छान झालंय,' म्हणाला
आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर जाऊन बसला,
जिथे तो सातव्या वर्षापासून बसतोय.

असे तीन हिवाळे.
उशीवर बसलं ते फक्त ऊन,
तेही दुपारचं, तेही निघायच्या घाईत.

मग एप्रिल. मेंढ्या विण्याचे दिवस.
रात्रीचे दोन, बाहेर उणे सहा,
आणि आईनं न चाटलेलं तिसरं कोकरू,
ओलंचिंब, काड्यांच्या पायांचं.
स्वयंपाकघरातल्या चुलीपाशी आधीच दोन होती.
स्टाइनारनं मला विचारलं नाही.
कोपरानं दार लोटलं, शेगडी पेटवली
(एप्रिलमध्ये! कुणी मेलेलं नसताना!)
आणि बाटली काखेत धरून
हाताला आली ती खुर्ची ओढली.
कोणती, ते मी पाहिलं.
बोलले नाही.

पहाटे डोकावले तर
त्याचे पाय दुसऱ्या खुर्चीवर, तोंड उघडं,
बंडीची बटणं सुटलेली.
माझ्या उशीची पार वाट लागलेली,
आणि तिच्यावर कोकरू, पोट फुगवून,
बिशपच्या खुर्चीचा पाय चघळत.

गालिच्यावर डाग राहिलाय, ताटलीएवढा.
घासून पाहिला एकदा, मग सोडून दिला.
आता पाहुणे येतात, आधी त्यांना तोच दिसतो.
क्षणभर थांबतात,
मग खांदे सैल सोडून विचारतात,
'इथेच बसू?'

किल्लीचं म्हणाल, तर ती कुठेय मला माहीत नाही.
बटाट्यांत पडली असेल.