व्यक्तिशः हजर राहावे

नोटीस तुझ्याच नावाने आली.
श्री. मोरेश्वर रघुनाथ चाचड, प्रोप्रायटर,
चाचड स्प्रिंग वर्क्स, गाळा नंबर अकरा, साकीनाका.
सात दिवसांत खुलासा करावा,
अन्यथा माझगावच्या कार्यालयात
व्यक्तिशः हजर राहावे.

हातात मशीन पुसायचं फडकं होतं,
त्यानेच चष्मा पुसला
आणि पुढचं काही वाचताच येईना.

देढिया म्हणाले, वहिनी, लिमिटेड कंपनी असती
तर माणूस गेला तरी कंपनी उरते.
प्रोप्रायटरचं तसं नाही.
कायद्याच्या लेखी धंदा आणि धनी एकच जीव.
हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं,
तू झोपेत तारेचे गेज बडबडायचास तेव्हा.

भानगड ऑगस्टमधली.
भिवंडीच्या माणसाकडून तू तार घेतलीस,
कर त्याच्या बिलात मोजून दिलास,
आणि त्याने तो पुढे भरलाच नाही.
आता त्याचा फोन लागत नाही.
रामसमुझ जाऊन आला, त्या पत्त्यावर
दोघी जणी साड्यांना फॉल लावत बसल्यात,
त्यांनीच त्याला पाणी दिलं.
अठरा हजार सहाशे चाळीस, अधिक व्याज, अधिक दंड.
बुडवले त्याने,
भरायचे तू,
म्हणजे मी.

माझगावला ढाकणे मॅडमनी विचारलं, करदाते कुठे आहेत?
मी पालिकेचा दाखला टेबलावर ठेवला.
त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला,
स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
म्हणाल्या, सिस्टीममध्ये ते ॲक्टिव्ह दिसतायत.

त्या सिस्टीमचा मला हेवा वाटला.

मग नोंदणी रद्द करायची खिडकी उघडली.
कारण निवडा.
धंदा बंद. धंद्याचं हस्तांतरण. मालकाचा मृत्यू.
तिसऱ्यावर बोट ठेवलं, आणि पर्समध्ये तुझा फोन वाजला.
हो, अजून चालू आहे. दर अठ्ठावीस दिवसांनी भरते.
मुलगा ओरडतो, कशाला?
यासाठी.
तू गेलास, याला तुझीच मंजुरी लागते.
सहा आकडे आले. कोणालाही सांगू नका, असं खाली लिहिलेलं.
मी मॅडमना मोठ्याने वाचून दाखवले.

व्याज भरलं. दंडाचं बघू म्हणाल्या.
देढियांनी फी घेतली नाही, घेतली असती तर
बरं वाटलं असतं, उपकार वहीत कुठे लिहायचे
हे तू शिकवलं नव्हतंस.

तुझा तो पंधरा अक्षरांचा नंबर मला तोंडपाठ होता.
बिलबुकावर इतक्यांदा लिहिला की
बोटं आपोआप चालायची.
पहिले दोन आकडे महाराष्ट्राचे,
मधली दहा अक्षरं तुझ्या पॅनची,
उरलेली त्यांची.
आता नवा आलाय. सत्तावीस तेच.
पुढची दहा माझी, आणि माझं पॅन
लग्नाआधीच्या नोकरीतलं, गोरेगावच्या बिस्किट कारखान्यातलं,
म्हणून सातव्या जागी अजून
निजाई आडनावाचं अक्षर बसलंय.
अप्पांनी आयुष्यात स्प्रिंग हातात धरली नाही,
खाडीत होडी आणि रात्री रेडिओ, एवढाच माणूस,
आणि आता त्यांचं अक्षर
तुझ्या गाळ्याच्या पाटीवर रंगवून घ्यावं लागणार.
चाचड स्प्रिंग वर्क्स हे नाव ठेवलं मी. ठेवता येतं,
मॅडमना विचारून घेतलं.

आज सकाळी तारवाल्याचा माणूस आला.
बिल कोणाच्या नावावर, म्हणाला.
मी आधी त्यालाच विचारलं,
गेल्या महिन्याचा कर भरला का तुमच्या शेठने?
दाखव.
तो चपापला. रामसमुझ मशीनमागे हसला.
मग मी नंबर सांगायला लागले,
सत्तावीस म्हणाले, आणि पुढे सवयीने
तुझंच पहिलं अक्षर निघालं.
खोड ते, म्हटलं. परत लिही.