हीर

यंदा समुद्र दारातून आला नाही.
जमिनीतून आला.
आधी अळवाच्या खड्ड्यात बुडबुडे,
मग धावपट्टीच्या कडेला तळं,
मग आमच्या चुलीखालून, आवाज न करता,
घर माहीत असलेल्या माणसासारखा.

बाबा चटईवर झोपलेले. उशाशी शास्त्र,
सामोआच्या भाषेतलं, पणजोबांच्या हातचं.
आमच्या तुवालूच्या भाषेत ते आलं
तेव्हा बाबा चाळिशीचे होते. म्हणाले,
देव आता आपल्यासारखं बोलायला लागला, छान झालं,
पण मला त्याच्या जुन्या आवाजाची सवय आहे.

सकाळी ते पुस्तक फुगून उशीएवढं झालेलं.

साकालिया, माझा भाऊ, धक्क्यावर पाण्याची उंची मोजतो.
आकडा वहीत, वहीतून संगणकात,
तिथून दूरच्या कुठल्याशा परिषदेत.
गेल्या नाताळात जेवताना तो म्हणाला,
बाबा, ऑकलंडचे कागद आलेत. सही करा.
बाबांनी बोट आभाळाकडे केलं.
नोहा. धनुष्य. करार.
"दिलेला शब्द तो मोडत नाही."
साकालियानं ताटातला मासा उलटा केला.
"शब्द नाही मोडत, बाबा. किनारा मोडतोय."
तेव्हापासून दोघं रविवारी एकाच बाकावर बसतात,
मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.
ती मी भरायची.

तर मी पानं सुटी करत होते.
माडाच्या झावळीचा हीर काढला, तासून बारीक केला,
पानापानांत सरकवत गेले,
लहानपणी बाबांनी माशाचा काटा काढायला शिकवलं तसा:
घाई नको, मांस फाटतं.
स्तोत्रं सुटली.
रूथ सुटली, सासूसकट.
योनाला फारसं काही झालं नव्हतं, त्याला सवय.
पण सुरुवातीची, धनुष्याची पानं
एकमेकांना अशी धरून बसलेली
की एक हीर तुटला, दुसरा तुटला.

"राहू दे. ते मला पाठ आहे."
डोळे मिटून बाबा म्हणू लागले,
मी हजारदा ऐकलेलं,
कुठे खोकतात तेसुद्धा ठाऊक असलेलं.
या वेळी मात्र भलत्याच जागी थांबले.
थांबले ते थांबलेच.
बाहेर डुक्कर ओल्या अंगणात काहीतरी हुंगत होतं.

"साकालियाला बोलाव."

तो आला, पायांत रबरी बूट, हातात मोजपट्टी.
"धनुष्य कुणासाठी ठेवलं रे त्यानं?"
"आपल्यासाठी. आपण पाहावं म्हणून."
"मीही सत्तर वर्षं तेच समजत होतो.
तसं नाहीये ते. तो पाहणार आहे.
पाहील, आणि त्याला आठवेल.
आणि बोलला तो साऱ्या पृथ्वीचं.
आपली चूल त्यात मीच घातली होती."

साकालिया गप्प.
जिंकलेला माणूस असा दिसत नाही.
मोजपट्टी भिंतीला टेकवून तो खाली बसला,
माझ्या हातातून हीर घेतला
आणि पलीकडच्या बाजूनं पानं सोडवू लागला.

दारात केवड्याचं झाड आहे.
त्याची मुळं खोडाच्या मधूनच फुटतात नि खाली उतरतात.
ज्या अंगाला झाड कलतं
त्या अंगाला ते नवं मूळ सोडतं.
दोन-तीन अजून जमिनीला लागलेली नाहीत.

सहीचं अजून ठरलेलं नाही.
कागद मिठाच्या बरणीखाली आहेत,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून, असं बाबा सांगतात.
पुस्तक तीन दिवस दोरीवर वाळलं, माशांशेजारी.
आता पानं सुक्या पाल्यासारखी वाजतात
आणि मांजर त्याच्याभोवती घुटमळतं.

रात्री कंदिलाजवळ बाबा पान उलटायला
बोट जिभेला लावतात,
चव कळते तसे क्षणभर थांबतात,
मग पुढे वाचतात.