पाश्कची खोली

श्कोदरमध्ये मान हलवायची रीत उलटी आहे.
हो म्हणायला आडवी, नाही म्हणायला उभी.
पहिल्याच रात्री प्रेंदानं विचारलं, अजून पाव?
मी आपली सवयीनं डोलावली,
धड आडवी ना उभी.
तिनं अर्धाच वाढला.

खोली तिच्या मुलाची.
कपाटाच्या दाराला आतून फुटबॉलचा संघ चिकटवलेला,
पलंग माझ्या उंचीपेक्षा चार बोटं जास्त,
टेबलावर कर्कटकानं कोरलेलं नाव. पाश्क.
शेवटच्या अक्षरावर माझा माऊस अडखळतो.
दुपारी साडेतीनला टोरांटोत सकाळ होते,
मग मी केस विंचरते, कमरेच्या वर नीटनेटकी होते
आणि सांगते: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.
कुठेच नाही, म्हणते.
रोज.

आई फोनवर विचारते, ऑफिस लांब आहे का गं घरापासून?
दीड हात.
मग इतक्या लांब कशाला गेलीस, हे ती विचारत नाही.
भाजी कुठली मिळते, विचारते.

ते विचारलं प्रेंदानं,
अंगणात लाल मिरच्या भाजताना,
फोनमधला दुभाषा दोघींच्या मध्ये धरून.
पाश्क गेला, इथे काम नव्हतं.
मागून शेजारचा झेफ गेला, मग झेफची बहीण,
मग शाळेतला एक वर्ग बंदच झाला.
काम असेल तिकडे माणूस जातो, हे मला कळतं.
पण तुझं काम तर पिशवीत मावतं.
ते कुठे तुला चल म्हणालं होतं?
तू का निघालीस?

दुभाष्यानं शेवटचं वाक्य चुकवलं:
तुला कोणी हाकललं?

काय सांगणार.
भाडं स्वस्त, हवा बरी, परवाना वर्षभराचा.
पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोघं दोन हेडफोन लावून
दोन वेगळ्या देशांसाठी राबायचो,
आणि एका शनिवारी लक्षात आलं, आठवडाभर
आम्ही बोललोय ते फक्त वायफायबद्दल.
एवढं दुभाष्याच्या हाती कसं द्यायचं?
मिरची जळतेय, म्हटलं.

जानेवारीत गल्लीतली वीज गेली, नेमकी रिलीजच्या संध्याकाळी.
प्रेंदानं पाश्कची सायकल काढून दिली.
पेडलला पाय पुरेनात, लॅपटॉप कोटाच्या आत,
तशीच चौकातल्या कॅफेत पोचले.
मालकानं डोमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना प्लगपासून उठवलं
तर ते माझ्याच पाठीशी येऊन उभे राहिले,
मॅच बघावी तसे.
बिल्ड लाल झाली तेव्हा त्यातला एक हळहळला.
हिरवी झाली तेव्हा कोणीतरी राकी मागवली.
टोरांटोतून फक्त एक अंगठा आला.

जुलैत तिनं कॅलेंडरवर तेरा दिवस खुणावले.
पाश्क येतोय, खोली लागेल.
तेरा दिवसांचं भाडं मोजून हातात ठेवलं, मी नको म्हणताना.
मी बैठकीच्या दिवाणावर आले.

तो आला जर्मन नंबरच्या गाडीतून, कॉफीचं यंत्र घेऊन.
चाळिशीचा, फरश्या बसवून बसवून गुडघे गेलेला.
खोलीत शिरला तो बराच वेळ बाहेर येईना.
मग दारातूनच, मोडक्या इंग्रजीत, मला:
ही खिडकी रोज वाजते का अशी?
तळ्याकडून वारा आला की, मी सांगितलं.
खाली कागदाची घडी सरकवायची.
हां, म्हणाला. मीच सरकवायचो.

दुपारी जेवताना प्रेंदानं विचारलं, अजून?
त्यानं मान हलवली, वरून खाली, वरून खाली,
जर्मनीत हलवतात तशी.
तिनं ताट उचललं.
तो रिकाम्या जागेकडे बघत राहिला.
मी उठले,
टोरांटोत सकाळ झाली होती.