बाबांचं माप

नेनीच्या स्वप्नात बाबा आले, सलग तीन रात्री.
बोलले काही नाहीत. नुसते दारात उभे,
हात काखेत घालून,
जुलैत पहाटे गोठ्यातून यायचे तसे.
चौथ्या सकाळी तिनं भावाला निरोप धाडला:
त्यांना थंडी वाजतेय. कबर उघडायला हवी.

तोवूनं सगळं ठरवून टाकलं. अंबुसित्राचे बासरीवाले,
दोन डुकरं, पाच पोती तांदूळ, रम,
ज्योतिष्याकडून दिवस.
मग माझ्या मागापाशी येऊन बसला
आणि म्हणाला, कापड तू विणशील.
विचारलं नाही, सांगितलं.

मी म्हटलं, नाही.

त्यानं मागावरचं रेशीम दोन बोटांत धरलं,
तपकिरी, तापियाच्या रानातल्या किड्यांचं.
आणि हे कुणासाठी?
ते होतं खालच्या आळीतल्या एका आजोबांसाठी.
त्याआधीचं सेराफीनच्या जुळ्यांसाठी.
नऊ वर्षं मी मेलेल्यांची वस्त्रं विणते,
पैसे घेते, दशांश चर्चच्या पेटीत टाकते,
पास्तर तो मोजतात आणि आमेन म्हणतात.
लोकांच्या हाडांना तुझा येशू आड येत नाही,
तोवू म्हणाला,
आपल्याच बापाच्या बरा येतो.

मी धोटा हातात धरून बसले.

पास्तरांकडे उत्तर होतं. अध्याय, ओवी, सगळं पाठ.
खोटं नव्हतं ते.
पण पास्तर किनाऱ्याकडचे, त्यांचे वडील जिवंत,
दर रविवारी फोनवर गुडघ्याची तक्रार करतात.

रात्री पडल्या पडल्या मी शोधत राहिले,
भीती नेमकी कशाची.
हाडांची नाही. बाबांची शेवटची आंघोळ मीच घातली.
नाचाचीही नाही.
विणण्याचीच होती.
एकेक धागा ठोकताना मी त्यांच्याकडे मागत गेले असते:
पोराला पास करा. छप्पर गळू देऊ नका.
लोकांच्या मेलेल्यांकडे मला मागायचं काही नव्हतं,
म्हणून हात कोरडे राहिले.
बाबांशी तसं जमलं नसतं.
हे तोवूला कसं सांगायचं?
तो दीड महिना माझ्याशी बोलला नाही.
हाइंगोनं मात्र विचारलं, भाताची पातेली तरी घासशील?
म्हटलं, घासेन.

आणि मग मी नेनीसाठी शाल विणायला घेतली.
जिवंत बाईला थंडी वाजते
हे कुणाच्या स्वप्नात येत नाही.
जाड विणली, गडद, कडेला सालीचा तांबडा रंग.
ताणा लावताना माप चुकलं.
नेनी एवढीशी, माझ्या खांद्याला लागते,
शाल तिच्या पायांखाली हातभर लोळली.
चुकलं, असं मी म्हणते.
तिनं ती अंगाला धरून पाहिली,
टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला,
मला काही म्हणाली नाही.

त्या दिवशी मी घरामागे होते.
टेकडीवरून बासऱ्या ऐकू येत होत्या,
मधेच हसणं, मधेच कुणाचा तरी हंबरडा,
पुन्हा बासऱ्या.
माझ्यापुढं डुकराच्या चरबीनं माखलेली पातेली,
पाणी बर्फासारखं, बोटं सुन्न.
पाय तेवढे ताल धरत होते, मी त्यांना धरू दिला.

नेनी उन्हं कलल्यावर आली.
सकाळी शाल दुहेरी गुंडाळून गेली होती.
आता अंगावर नुसता फुलांचा झगा,
नाक लाल, केसांत थडग्याची धूळ.
चुलीपुढं बसली, हात पसरले.
मी लाकूड आत सारलं. शालीचं विचारलं नाही.
बऱ्याच वेळानं, विस्तवाकडे बघत,

पुरलं,

एवढंच म्हणाली.

मी मुठीत पुन्हा राख घेतली.
तळाची खरड काही केल्या निघत नव्हती.